तीन दहाची गाडी

सोमवार, ४ मार्च

वाहतूक कार्यालयातून पत्र आलं. सव्वीस वर्षांत तिथून मला आलेली पत्रं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, पण प्रत्येकाखाली संचालकांची शाईची सही. ह्याच्याखाली सहीच नाही. वर छापलंय, 'सर्व संबंधितांस'. म्हणजे मी आता संबंधित झालो.

मजकूर असा की, शहरातल्या बसगाड्यांच्या वेळा, थांबे आणि मार्ग ही माहिती जनतेच्या पैशातून तयार होते, म्हणून यापुढे ती कुणालाही वापरता येईल. उतरवून घ्या, छापा, विका, फोनवर टाका. वेगळी परवानगी मागायला नको. सगळ्यांना एकच प्रमाण परवाना. अटी तीन. माहिती कुठून घेतली ते सांगा, मोडतोड करून लोकांची दिशाभूल करू नका, आणि आपण सरकारी असल्याचा आव आणू नका.

कुणालाही! माझ्या वेळापत्रकाच्या पुस्तिकेवर सव्वीस वर्षं 'अधिकृत परवानगीने' छापलेलं असतं. ती परवानगी शहरात एकट्या माझ्याकडे. आगाराच्या दारात पेपर विकणारा पोरगा मी, पाट्या वाचून वाचायला शिकलो, आणि ह्या परवानगीसाठी संचालकांच्या दाराबाहेर बाकावर सतरा दिवस बसलो. सतराव्या दिवशी शिपायाने कंटाळून आत सोडलं. आता म्हणे दार सताड उघडं, बसायची गरज नाही.

हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "मग तुम्हालाही आहेच की परवाना."

"सगळ्यांना असतो त्याला परवाना म्हणतात का? मग श्वास घ्यायचाही परवाना आहे म्हण माझ्याकडे."

"आहे ना. घ्या आधी एक. चेहरा लाल झालाय."

बुधवार, ६ मार्च

कार्यालयात जाऊन आलो. परवान्यासाठी एक नवी बाई नेमली आहे. जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवायचे त्या खोलीत बसते. टेबलावर एक संगणक, एक पाण्याची बाटली. फाईल एकही नाही. ज्याच्या टेबलावर फाईल नाही त्याच्याशी भांडायचं कशाला धरून?

"सही कुठे करू?" मी विचारलं.

"सही नाही लागत, काका. माहिती वापरलीत की अटी मान्य केल्यात असं धरतो."

"आणि मला मान्य नसल्या तर?"

"तर वापरू नका."

इतक्या गोड आवाजात मला आजवर कुणी हाकललं नव्हतं. शिवाय काका! माझी पुस्तिका सुरू झाली तेव्हा ही बहुतेक पाळण्यात होती.

बाहेर येऊन बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझे कान अजून तिखट आहेत. इंजिनाच्या आवाजावरून मी गाडी कुठल्या आगाराची ते सांगतो, तिथे लाकडी पार्टिशन काय अडवणार? आतून ऐकू आलं, "पुस्तिकेवाले काका येऊन गेले. बिचारे."

शिवी दिली असती तर चाललं असतं.

शुक्रवार, १५ मार्च

स्टँडवरच्या स्टॉलवाल्याने आज गठ्ठा अर्धा परत केला. "दादा, वीसच ठेवा. लोक फोनवर बघतात." त्याच्या शेजारी उभा असलेला एक टायवाला फोनकडे बघून म्हणाला, "चौतीस नंबर चार मिनिटांत." मी म्हटलं, "सात." सातव्या मिनिटाला आली. टायवाल्याने वर बघितलंसुद्धा नाही. फोन चुकला तर लोक गाडीला नावं ठेवतात. माझं एक मिनिट चुकलं तर घरी पत्र यायचं.

गुरुवार, २१ मार्च

सापडले! चोर सापडले!

आधी हे लिहून ठेवतो. सोळा वर्षांपूर्वी एका छापखानेवाल्याने माझी पुस्तिका जशीच्या तशी छापून विकली होती. मी भांडायला गेलो तर म्हणाला, गाड्या सरकारच्या, वेळा सरकारच्या, तुझं त्यात काय? तेव्हापासून मी प्रत्येक आवृत्तीत एक गाडी घालतो जी नाहीच. नकाशे छापणारेही असाच एखादा बोळ घालतात म्हणे. दुसऱ्याच्या छपाईत ती गाडी दिसली की समजावं, माझ्यावरून उतरवलं. असे दोघे पकडले मी.

माझी ती गाडी म्हणजे १४ क, रुग्णालयाचं मागचं दार, दुपारी तीन दहा. रुग्णालयाच्या मागच्या दाराला तेव्हा कुलूप होतं, चिटपाखरू नसायचं. खोट्या गाडीसाठी रिकामा थांबा हवा, एवढी माणुसकी मी पाळली होती. वेळ हिने निवडली. मुद्रितं तपासताना ही वेळा मोठ्याने वाचते, मी खूण करतो. तीन दहा म्हणताना हिचा सूर जरा बदलतो.

तर आज म्हटलं, बघू तरी सरकारने फुकट वाटलंय काय. हिच्या फोनवर ते बसचं ॲप आधीपासूनच होतं. ही म्हणाली, आपोआप येतं. फोनवाले काय काय गळ्यात मारतात! १४ क काढलं. मागचं दार. तीन दहा.

सरकारने माझ्यावरून उतरवलंय.

शुक्रवार, २२ मार्च

वेळापत्रक विभागातले मोठे कारकून माझे जुने दोस्त. आम्ही त्यांना चष्मा म्हणतो, कारण तो सदैव कपाळावर असतो आणि ते तो शोधत असतात. त्यांना चहाला बाहेर काढलं.

"खरं सांगा, संगणकावर माहिती कशावरून चढवली?"

"तुझ्या पुस्तिकेवरून."

"तुमचे तक्ते कुठे गेले?"

"माळ्यावर. पाणी झिरपलं, लगदा झाला. परवान्याच्या बाईंनी पंधरा दिवस दिले होते. म्हटलं, शहरात धड वेळापत्रक एकच आहे." आणि वर म्हणाले, "तुला बरं वाटायला हवं."

बरं! माझीच मिठाई चोरून माझ्याच दारात फुकट वाटतात, आणि वर म्हणतात तुझ्या हाताला चव आहे!

घरी येऊन हिला सांगितलं, उद्याच पेपरात देतो. कार्यालयाने माझी पुस्तिका चोरली, हा पुरावा.

ही भाजी चिरत होती. "पुरावा म्हणजे ती खोटी गाडी?"

"तीच."

"म्हणजे सोळा वर्षं खोटी गाडी कुणी छापली, तेही पेपरात येणार."

बायकोने मुद्दा काढावा आणि तोही सुरीने.

मंगळवार, २ एप्रिल

दहा दिवस विचार केला. चोरी काढायचीच नाही. नुसतं दाखवायचं की फुकटची माहिती चुकीची आहे, लोक फसतायत. फसलेल्या लोकांच्या सह्या घ्यायच्या. परवाना आपोआप गुंडाळतील आणि माझ्याकडे येतील, काका, तुम्हीच बघा म्हणत.

गुरुवार, ४ एप्रिल

दुपारी तीनला रुग्णालयाच्या मागच्या दारी गेलो. वाटलं होतं दोघेतिघे असतील. एकोणीस माणसं! पुढचं दार खोदून ठेवलंय म्हणून मागचं उघडलं, त्याला तीन वर्षं झाली म्हणे. मला कुणी कळवलं नाही.

इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. एकोणीस साक्षीदार, आयते, उन्हात उभे.

तीन दहा झाले. तीन वीस झाले. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातली एक बाई होती, धिप्पाड, बाह्या अजून दुमडलेल्या. सगळ्यांच्या वतीने तीच बोलते. "दोन आठवडे फोन सांगतोय तीन दहा, तीन दहा. फोनला काय जातंय? पाय माझे सुजतात. चारशे माणसांचं रांधून येते मी."

मी म्हटलं, "बाई, सही द्या. ह्या परवान्यावाल्यांचा बंदोबस्त करू."

"बंदोबस्त करायचा तो करा, आम्हाला गाडी मिळाली म्हणजे झालं," असं म्हणून तिने सही केली आणि बाकीच्यांनाही रांगेत उभं केलं.

बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, शेजारी त्यांची बायको चाकाच्या खुर्चीत. त्यांच्या हातात माझी पुस्तिका, कोपरे गोल झालेले. मला बरं वाटलं. ते म्हणाले, "मी फोनवाला नाही. हिला गुरुवारी व्यायामाला आणतो, तीन वर्षं झाली. ह्या पुस्तिकेत गाडी दिलेली आहे, पण खुर्ची ढकलत येईपर्यंत आमची दर वेळी चुकते. जरा भरभर चाललं पाहिजे मी."

त्यांची सही घेतली नाही. पुस्तिका हातात असलेला साक्षीदार आपल्या कामाचा नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

झोप नीट लागली नाही. बहुतेक उन्हाचा त्रास.

गुरुवार, १८ एप्रिल

एकशे बेचाळीस सह्या. स्वयंपाकवाल्या बाईने सफाईवाल्यांच्या आणि परिचारिकांच्याही आणल्या. म्हातारे आजही होते. आज ते घामाघूम होऊन पावणेतीनलाच पोचले होते. मी खांबाच्या पलीकडे उभा राहिलो.

सोमवार, २२ एप्रिल

सह्यांचा गठ्ठा परवानेवालीच्या टेबलावर आपटला. त्या टेबलावर पहिल्यांदा कागद आला असेल.

तिने एकेक पान उलटलं. मग म्हणाली, "काका, एक विचारू? ही तीन दहाची गाडी आमच्या आगाराच्या वहीत नाही, चालकांच्या पाळ्यांत नाही. जुन्या पुस्तिका चाळल्या. फक्त तुमच्याकडे आहे. सोळा वर्षं."

"असेल."

"स्रोत सांगायचा, ही आमचीच अट. मग त्या गाडीखाली लिहायचं का, स्रोत तुमची पुस्तिका? थांब्यावर मोठी पाटी लावतोय, तिथेही लिहू. लोकांनाही कळेल."

मी मनात हसलो. घाबरली होती. मान देऊन तोंड बंद करायचा हा जुना डाव. मी असल्या गळाला लागणारा मासा नाही. म्हटलं, "माझं नाव कशाला? मी प्रसिद्धीचा भुकेला नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने गठ्ठा पुढ्यात ओढला. "बरं, नाव नको. मग हे तक्रार म्हणून घेऊ की मागणी म्हणून?"

"काय हवं ते म्हणून घ्या. सह्या एकशे बेचाळीस आहेत."

घरी येऊन हिला सगळं शब्दशः सांगितलं. ही खुर्चीवर बसून हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "पाटीवर! थांब्यावर! तुमचं नाव!" असं म्हणायची आणि पुन्हा हसायची. बाईचा डाव मी ओळखला ह्यात एवढं हसण्यासारखं काय, कळलं नाही.

सोमवार, ६ मे

कार्यालयाचं उत्तर आलं. तसंच, बिनसहीचं.

'आपण सादर केलेल्या एकशे बेचाळीस नागरिकांच्या मागणीचा विचार करून मार्ग १४ क वर दुपारी ३:१० ची फेरी दि. १६ मे, गुरुवारपासून सुरू करण्यात येत आहे. आपल्या पुढाकाराबद्दल आभार.'

चार वेळा वाचलं. मी परवाना मारायला गेलो होतो. ह्यांनी गाडी सोडली.

आता पुरावा कुठला? खोटी गाडी खरी झाली. उद्या कोर्टात उभा राहिलो तर न्यायाधीश म्हणतील, गाडी तर येते की.

चष्मा भेटले. म्हणाले, "परवान्याच्या बाईंनी दोन आठवडे आगारात खेटे घातले त्या फेरीसाठी. चालक मिळत नव्हता. कुणावर बालंट येऊ नये म्हणून झटतायत असं वाटलं मला. कुणावर, ते नाही बोलल्या."

असेल आपल्याच कुणा माणसावर. कार्यालयवाले एकमेकांना सांभाळून घेतात.

गुरुवार, १६ मे

गेलो. जायचं नव्हतं, तरी गेलो. गाडी तीन अकराला वळणावर दिसली. मला आधी ऐकू आली होती, दुसरा गिअर घासणारी, उत्तर आगाराची. थांब्यावर आरडाओरडा झाला. स्वयंपाकवाल्या बाईने माझा हात धरून हलवला. "दादा, आणलीत हो!"

कंडक्टरने उतरून चाकाची खुर्ची चढवायला हात लावला. म्हातारे पायरीवर थांबून बायकोला म्हणाले, "बघ, आज वेळेत पोचलो की नाही? अर्धा तास आधी निघालं की जमतं."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही कधीच उशिरा नव्हता. गाडीच नव्हती. मी घातली होती ती, मुद्दाम. छपाईचे चोर पकडायला."

कंडक्टर थांबला. म्हाताऱ्यांनी खिशातून पुस्तिका काढली, माझ्याकडे बघितलं, पुस्तिकेकडे बघितलं.

"तीन वर्षं," ते म्हणाले.

"हो."

"मी हिला म्हणायचो, माझे पाय गेले आता." शिव्या दिल्या नाहीत. पुस्तिका माझ्या हातात ठेवली आणि आत जाऊन बसले. गाडी गेली.

स्वयंपाकवाली बाई मात्र मागे राहिली होती. मला वाटलं आता ती हाताचा उपयोग करते. ती म्हणाली, "नुसती लिहिली होती तुम्ही? मनाची?" आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी बाजारात नवीन भांडं उलटसुलट करून बघतात.

शुक्रवार, १७ मे

हिला सांगितलं. ही हसली नाही. तीन दहा ही वेळ आपणच निवडली होती, एवढंच म्हणाली, आणि उठून गेली.

शनिवार, ८ जून

नवी आवृत्ती छापून आली. वीस गठ्ठ्यांऐवजी सहा. मुखपृष्ठावर 'अधिकृत परवानगीने' नाही. त्या जागी बारीक अक्षरात, माहिती वाहतूक कार्यालयाची, प्रमाण परवान्याखाली घेतलेली. आत एकही खोटी गाडी नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदाच. कुणी उतरवून घेतलं तरी आता मला कळणार नाही, आणि कळून करणार काय?

त्या बाईचा परवाना मला आजही मान्य नाही. हे इथे लिहून ठेवतो. वापरतोय, पण मान्य नाही.

बुधवार, १२ जून

तीन दहा वेळेवर येते का ते बघायला गेलो. छापायची म्हटल्यावर बघावं लागतं.

थांब्याच्या खांबाला पुठ्ठा बांधलेला. मागच्या दाराच्या सगळ्या गाड्या ओळीने, शाळकरी अक्षरात, खाली माहिती कुठून घेतली तेसुद्धा. बोट लावून वाचत गेलो. सवय. सगळं बिनचूक, फक्त सर्वांत वर, सकाळी पाच पन्नास.

स्वयंपाकवाली बाई मागेच उभी होती.

"ही गाडी नाही," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

"मग लिहिली कशाला?"

"तुमची आली ना? सहाला चूल पेटवावी लागते आम्हाला. रोज चालत येतो."

"अहो, लोक येऊन उभे राहतील!"

"उभं राहायलाच तर लिहिली. पण सगळ्यांना सांगून. चौतीसजणी आहोत. तिकडे आमच्या वस्तीच्या थांब्यावर उभ्या राहणार, उद्यापासून, रोज. कुणाला फसवलेलं नाही आम्ही." शेवटचं वाक्य तिने जरा सावकाश म्हटलं.

मला राहवलं नाही. "पाच पन्नास जमणारच नाही. उत्तर आगाराचा पहिला चालक पावणेसहाला हजर होतो. एकोणीस मिनिटं तिथून. तुमची मागणी कचऱ्यात जाईल."

"मग?"

"बावीस नंबर, दुसऱ्या आगाराची. पाच वीसला बाजाराकडे रिकामी जाते, मी ऐकतो ना रोज अंथरुणातून. पुलावरून वळवली तर वस्तीत पाच त्रेचाळीस, इथे पाच छप्पन्न. चालक नको, गाडी नको, नुसतं वळण. हे मागा. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच नाही."

तिने बाहीतून पेन काढून माझ्या हातात दिलं. मी खोडलं आणि लिहिलं. अर्धवट काम मला बघवत नाही, एवढंच.

"मग येताय का उद्या, उभं राहायला?"

"मला काय काम तिथे?"

घरी येऊन हिला सांगितलं, बघ लोक किती बिलंदर असतात. हिने घड्याळ घेतलं आणि गजर लावला. दोघांचे बूट दाराशी काढून ठेवलेत. पाच त्रेचाळीसला कुठलीही गाडी येणार नाही, हे शहरात माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नाही. तरी पाच चाळीसपर्यंत पोचायला हवं.